बेकायदा अटकेचे मोल

१९७१ सालच्या मे महिन्याची ५ तारीख. वॉशिंग्टन येथील कॅपिटॉल, म्हणजे अमेरिकन संसदेची इमारत. तिच्या पायऱ्यांवर व्हिएतनाममधील युद्धाला विरोध करणारे सुमारे १,२०० लोक जमले होते. कॅलिफोर्नियातून नुकतेच निवडून आलेले लोकप्रतिनिधी रॉन डेलम्स त्यांच्यापुढे भाषण करीत होते. भाषण चालू असतानाच पोलिसांनी समोरच्या श्रोत्यांना पकडण्यास आरंभ केला. वक्ता जागेवर राहिला आणि श्रोतेच उचलून नेण्यात आले. त्या लोकांपैकी कोणी काही तास, तर कोणी दोन-दोन दिवस कोठडीत काढले. पुढे त्यांच्यावरील आरोप न्यायालयात टिकले नाहीत. बहुतेकांवरचे खटले सरकारने स्वतःच मागे घेतले.

वरवर पाहता येथे प्रकरण मिटले असे वाटेल. ज्यांना पकडले ते सुटले, आरोप गेले, कोणाला शिक्षा झाली नाही. परंतु त्या दुपारी पायऱ्या मोकळ्या करणे हाच जर अटकेमागचा हेतू असेल, तर तो अटकेच्या क्षणीच सफल झालेला होता. खटल्याचा निकाल काय लागतो याच्याशी त्याचा काही संबंध नव्हता. निदर्शकांच्या अटकेचे हेच वैशिष्ट्य आहे. चोराला पकडतात ते त्याला शिक्षा व्हावी म्हणून, निदर्शकाला पुष्कळदा पकडतात ते त्याला तेथून हलवावे म्हणून. चोराची निर्दोष सुटका झाली तर पोलिसांचे काम फसले असे म्हणता येते. निदर्शकाची सुटका झाली तरी पोलिसांचे काम झालेलेच असते. मग अशा अटकेवर न्यायालयाने इलाज काय करावा? गेलेली दुपार तर कोणालाच परत देता येत नाही. तिची किंमत मात्र ठरवता येते, आणि ती कोणी भरावी हेही ठरवता येते. अमेरिकेतील नागरी हक्कांच्या दाव्यांचा इतिहास म्हणजे ही किंमत ठरवण्याच्या खटपटीचा इतिहास होय.

येथे एक भेद आधी ध्यानात घ्यावा लागतो. पकडलेल्या माणसाने फौजदारी खटल्यात आपला बचाव करणे ही एक गोष्ट, आणि त्यानेच उलट पोलिसांवर दिवाणी दावा लावणे ही दुसरी. पहिल्या प्रकारात त्याच्या हाती ढाल असते, दुसऱ्यात तलवार. ढालीचे उत्तम उदाहरण दक्षिण कॅरोलिना राज्यातले आहे. १९६१ सालच्या मार्चमध्ये कोलंबिया या शहरी १८७ कृष्णवर्णीय विद्यार्थी एका चर्चमधून निघाले आणि पंधरा-पंधरांच्या तुकड्या करून राज्याच्या विधिमंडळाच्या आवारात गेले. वंशभेदाच्या कायद्यांविरुद्ध आपले गाऱ्हाणे मांडणे एवढाच त्यांचा उद्देश होता. पोलिसांनी त्यांना पांगण्यासाठी पंधरा मिनिटे दिली. विद्यार्थी पांगले नाहीत, गाऊ लागले. तेव्हा शांततेचा भंग केल्याच्या आरोपावरून त्यांना पकडून शिक्षा ठोठावण्यात आल्या. फेब्रुवारी १९६३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका विरुद्ध आठ अशा मताधिक्याने त्या शिक्षा रद्द केल्या. लोकांना अप्रिय वाटणारी मते शांतपणे मांडणे हा गुन्हा करता येणार नाही, असा त्या निकालाचा आशय होता. निकाल मोठाच होता. पण तो दोन वर्षांनी आला, आणि विद्यार्थ्यांच्या हाती पडले ते केवळ निरपराधित्व. ज्यांनी पकडले त्यांना त्याची कसलीही झळ लागली नाही.

झळ लावणारे हत्यार अमेरिकन कायद्यात फार पूर्वीपासून पडून होते. यादवी युद्ध संपून गुलामगिरी गेल्यानंतर दक्षिणेकडील राज्यांत कू क्लक्स क्लान या गुप्त संघटनेने मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांवर अत्याचारांचा कहर केला. तेथील शेरीफ आणि न्यायाधीश एक तर डोळेझाक करीत किंवा स्वतःच त्या टोळीत सामील असत. म्हणून राष्ट्राध्यक्ष युलिसिस ग्रँट यांच्या कारकिर्दीत, एप्रिल १८७१ मध्ये, संसदेने एक कायदा केला. राज्याने दिलेल्या अधिकाराच्या आवरणाखाली जो कोणी दुसऱ्याचा घटनादत्त हक्क हिरावून घेईल, त्याच्यावर त्या माणसाला केंद्रीय न्यायालयात नुकसानभरपाईचा दावा लावता येईल, अशी त्यात तरतूद होती. पीडिताला स्थानिक न्यायाधीशाच्या दारी जावे लागू नये हे त्यातले मर्म. पण दक्षिणेतील राजकारण पालटले आणि हा कायदा जवळजवळ ९० वर्षे पुस्तकात झोपून राहिला. शिकागोतील एका कृष्णवर्णीय कुटुंबाच्या घरात भल्या पहाटे शिरून पोलिसांनी धुडगूस घातला होता. त्या दाव्यात १९६१ साली सर्वोच्च न्यायालयाने या कायद्याला जागे केले. पोलिसाचे कृत्य राज्याच्या स्वतःच्या कायद्यालाही धरून नसले, तरी ते अधिकाराच्या आवरणाखालीच झाले असे समजावे, हा त्या निकालाचा सार. नाहीतर ‘शिपायाने नियम मोडला, त्यात आमचा काय दोष’ असे म्हणून राज्य मोकळे झाले असते!

हत्यार हाती आले, पण पात्याला लगेचच म्यान घालण्यात आले. त्याच १९६१ साली गौर आणि कृष्णवर्णीय अशा १५ धर्मोपदेशकांचा एक जथा न्यू ऑर्लिन्सहून डेट्रॉइटकडे प्रार्थना-यात्रेला निघाला होता. मिसिसिपी राज्यातील जॅक्सन येथे बसस्थानकावर ‘फक्त गोऱ्यांसाठी’ राखलेल्या प्रतीक्षागृहात ते सारे मिळून शिरले. पोलिसांनी त्यांना पकडले, आणि नगर न्यायाधीशाने प्रत्येकाला चार महिने तुरुंगवास व २०० डॉलर दंड ठोठावला. वरच्या न्यायालयात या शिक्षा टिकल्या नाहीत. तेव्हा त्यांच्यातील काहींनी १८७१ च्या कायद्याचा आधार घेऊन पोलीस आणि न्यायाधीश या दोघांवर दावा लावला. १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, न्यायाधीश आपल्या निकालाबद्दल नुकसानभरपाईला कधीच पात्र होत नाही. आणि जो कायदा आपण वैध समजत होतो त्याच्या आधारे, सद्भावनेने अटक केली असे पोलिसाने दाखवले, तर तोही सुटतो. न्यायमूर्ती डग्लस यांनी एकट्याने भिन्न मत नोंदवले. ज्या दक्षिणेत न्यायाधीशच अन्यायाचे साधन होता म्हणून हा कायदा जन्माला आला, तेथे न्यायाधीशालाच त्यातून वगळावे ही गोष्ट त्यांना पटण्यासारखी नव्हती. ‘सद्भावना’ या शब्दाभोवती पुढे केवढे तरी शास्त्र उभे राहिले. १९८२ पासून तर पोलिसाच्या मनात काय होते हे पाहण्याचेही सोडून देण्यात आले. मोडलेला हक्क त्या वेळी पूर्वनिर्णयांनी स्पष्टपणे प्रस्थापित झालेला होता काय, एवढेच आता पाहतात. तसा पूर्वनिर्णय नसेल तर दावा पहिल्याच पायरीवर अडखळतो.

या पार्श्वभूमीवर पुन्हा वॉशिंग्टनकडे वळले म्हणजे त्या मे महिन्यातील घटनांचा अर्थ नीट उलगडतो. कॅपिटॉलच्या पायऱ्यांवरील अटक ही त्या आठवड्यातील शेवटची. दोन दिवस आधी, ३ मे रोजी, हजारो तरुणांनी पूल आणि चौक अडवून राजधानीचे कामकाज थांबवण्याचा बेत जाहीरपणे आखला होता. या बेतात कायदेभंग होता यात शंका नाही, आणि रस्ते खुले ठेवणे हे पोलिसांचे कर्तव्यच होते. नेहमीच्या पद्धतीप्रमाणे घटनास्थळीच अटकेचा एक छापील नमुना भरावा लागे: पकडलेला कोण, कोठे पकडला, काय करताना पकडला, कोणत्या शिपायाने पकडला. त्या सकाळी पोलीसप्रमुख जेरी विल्सन यांनी हा नमुना भरण्याचे थांबवण्याचा हुकूम दिला. कागद भरण्यात शिपाई गुंतला तर रस्ता कोण मोकळा करणार, असा त्यामागचा विचार होता. परिणाम असा झाला की, एका दिवसात ७,००० हून अधिक माणसे पकडली गेली, आणि त्यांपैकी कोणी पूल अडवला व कोण नुसताच कामावर निघाला होता, हे सांगणारे कोणी उरले नाही. तुरुंग भरले तेव्हा फुटबॉलच्या सरावाच्या एका मैदानाला तारेचे कुंपण होते, तेथे माणसे कोंडण्यात आली. त्या काही दिवसांतील अटकांची बेरीज १२,००० च्या वर गेली. अमेरिकेच्या इतिहासात एवढी मोठी सामूहिक अटक दुसरी झालेली नाही.

त्या कोऱ्या राहिलेल्या नमुन्याची किंमत सरकारला लवकरच कळून आली. न्यायालयात उभे राहून ‘या माणसाने अमुक केले’ असे शपथेवर सांगू शकणारा शिपाई नाही, तर शिक्षा कशाच्या जोरावर व्हावी? एकामागून एक खटले कोसळले. १९७३ साली तेथील अपील न्यायालयाने या अटकांसंबंधीच्या समूहदाव्यात, पुरेशा पुराव्यावाचून खटले पुढे रेटण्यास प्रतिबंध केला आणि अटकेच्या नोंदींबाबतही लोकांना संरक्षण दिले. तरुण माणसाला नोकरीच्या अर्जात ‘आपणांस कधी अटक झाली होती काय?’ या प्रश्नाचे उत्तर लिहावे लागते; त्याच्या दृष्टीने ही लहान गोष्ट नव्हती.

समूहदावा म्हणजे एकाच प्रकारची हानी झालेल्या शेकडो माणसांच्या वतीने चार-सहा जणांनी चालवलेला एकच दावा. एकट्याने शंभर डॉलरसाठी कोर्टाची पायरी चढणे परवडत नाही, हजारांनी मिळून चढणे परवडते. कॅपिटॉलच्या पायऱ्यांवरील लोकांनी हाच मार्ग पत्करला. डेलम्स स्वतः वादी झाले आणि कॅपिटॉलचे पोलीसप्रमुख जेम्स पॉवेल हे प्रतिवादी. मात्र त्यांच्या वाटेत एक चमत्कारिक अडचण होती. १८७१ चा कायदा ‘राज्यां’च्या अधिकाऱ्यांना लागू, वॉशिंग्टन हे काही राज्य नव्हे, ते केंद्राच्या अमलाखालचे शहर. तो कायदा तेथे लागू पडत नाही, असे १९७३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेच. ही उणीव संसदेने भरून काढली ती १९७९ साली. म्हणजे ज्या राजधानीत हा कायदा संमत झाला, तेथील नागरिकालाच तो १०८ वर्षे उपलब्ध नव्हता. पण योगायोग असा की, त्या अटकांनंतर अवघ्या सात आठवड्यांच्या आत, जून १९७१ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या एका प्रकरणात नवे दार उघडले होते: केंद्राच्या अधिकाऱ्याने घटनेचा भंग केला असेल, तर वेगळा कायदा नसला तरी थेट घटनेच्या आधारावर नुकसानभरपाई मागता येते. डेलम्स आणि त्यांचे श्रोते याच दाराने आत गेले.

जानेवारी १९७५ मध्ये ज्युरीने वादींच्या बाजूने कौल दिला आणि एकूण सुमारे १ कोटी २० लाख डॉलर देवविले. रकमेची मांडणी पाहण्यासारखी आहे. कोठडीत काढलेल्या वेळासाठी तासांच्या हिशेबाने चढती भरपाई होती. जितका वेळ जास्त तितकी रक्कम जास्त. हे कोणालाही समजण्याजोगे आहे. पण त्याहून कितीतरी मोठी रक्कम, प्रत्येकी ७,५०० डॉलर, वेगळ्याच बाबीसाठी होती: त्या दिवशी, त्या ठिकाणी, आपल्या प्रतिनिधींच्या दारात उभे राहून युद्धाविरुद्ध बोलण्याचा व ऐकण्याचा जो हक्क बुडाला, त्यासाठी. सामान्य नागरिकांतून निवडलेल्या ज्युरीने कोठडीपेक्षा बुडालेल्या भाषणाचे मोल अधिक धरले, ही गोष्ट विसरण्याजोगी नाही.

१९७७ साली अपील न्यायालयापुढे याच ७,५०० डॉलरांवर खरी झटापट झाली. न्यायालयाने हक्काचे मोल नाकारले नाही. निदर्शने करण्याचा हक्क बुडाला तर तीही भरपाईयोग्य हानीच आहे, आणि ती केवळ नाममात्र एक डॉलर देऊन भागवता येणार नाही, हे त्याने मान्य केले. परंतु हक्क अमोल आहे म्हणून ज्युरीने मनाला येईल तो आकडा घालावा, हेही त्याला रुचले नाही. भरपाई ही त्या माणसाच्या त्या दिवसाच्या प्रत्यक्ष हानीची असावी, हक्काच्या अमूर्त थोरवीची नव्हे; म्हणून ती रक्कम फार मोठी ठरवून नव्याने विचारासाठी प्रकरण परत पाठवण्यात आले. या भूमिकेत तर्क आहे. पण त्यामुळे जो प्रश्न उरतो तो तसाच उरतो. एखाद्याचे घड्याळ फुटले तर बाजारात जाऊन किंमत विचारता येते. संसदेच्या पायरीवरील एका दुपारचा बाजारभाव कोणत्या पेढीवर विचारावा?

पुढील काळात हे दावे वाढत गेले, त्याला दोन कारणे विशेष झाली. १९७६ च्या कायद्याने जिंकलेल्या वादीच्या वकिलाचे शुल्क हरलेल्या पक्षाकडून वसूल करण्याची सोय झाली. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, पोलिसांच्या कृत्यामागे शहराचे धोरण किंवा रूढ प्रथा असेल तर खुद्द शहरावरही दावा चालेल, असे ठरवले. एकट्या शिपायाच्या खिशात काय असणार? शहराच्या तिजोरीपर्यंत वाट झाली तेव्हा कोठे दाव्याला जोर आला. मात्र त्यातच त्याची दुर्बलताही आहे. भरपाई येते ती करदात्यांच्या पैशांतून, आणि ज्याने हुकूम दिला त्याच्या पगारातून बहुधा एक डॉलरही कापला जात नाही.

वॉशिंग्टनमध्येच २७ सप्टेंबर २००२ रोजी पर्शिंग पार्क नावाच्या उद्यानात पोलिसांनी चहूबाजूंनी वेढा घातला आणि आत सापडलेल्या सुमारे ४०० जणांना पकडले. पांगण्याचा हुकूम त्यांना देण्यात आला नव्हता, आणि पांगावे म्हटले तरी वाट नव्हती. सापडलेल्यांत निदर्शक होते तसेच सहज आलेले लोकही होते. या दाव्यात पुन्हा कागदच बोलला, किंबहुना त्याचे नसणे बोलले. त्या दिवशीच्या पोलिसांच्या हुकुमांची क्रमवार नोंद हवी तेव्हा सापडेना आणि ध्वनिमुद्रणात मधलेच भाग नव्हते, तेव्हा न्यायाधीशांनी शहराच्या वकिलांची कठोर शब्दांत हजेरी घेतली. अखेरीस शहराने समूहदाव्यात ८२.५ लाख डॉलर देऊन तडजोड केली. त्याहून मोलाचे म्हणजे, दरम्यान शहराच्या विधिमंडळाने २००४ साली निदर्शनांच्या बंदोबस्तासंबंधी कायदा केला. कारणावाचून जमावाला वेढा घालण्यास त्याने मनाई केली आणि सामूहिक अटकेतही नोंदी ठेवण्याचे बंधन घातले. १९७१ मध्ये जो कागद बाजूला सारला होता, तो असा कायद्याच्या रूपाने परत आला.

न्यूयॉर्कची कहाणी अशीच. २००४ मध्ये रिपब्लिकन पक्षाच्या अधिवेशनाच्या वेळी तेथे १,८०० हून अधिक लोक पकडले गेले आणि त्यांतील पुष्कळांना हडसन नदीकाठच्या एका जुन्या धक्क्यावरील कळकट इमारतीत ठेवण्यात आले. शहराचा युक्तिवाद असा की, जमावाने कायदा मोडला म्हणजे जमावातील प्रत्येकाला पकडण्यास कारण मिळते. २०१२ साली केंद्रीय न्यायाधीशाने तो फेटाळला: अटकेचे कारण माणसागणिक असावे लागते, घाऊक नव्हे. २०१४ मध्ये सुमारे १ कोटी ८० लाख डॉलरांवर तडजोड झाली. एवढा अनुभव गाठीशी असूनही ४ जून २०२० रोजी ब्राँक्स भागात, एका कृष्णवर्णीयाच्या पोलिसांहाती झालेल्या मृत्यूचा निषेध करणाऱ्या मोर्चाला पोलिसांनी संचारबंदीची आठची वेळ होण्याच्या काही मिनिटे आधी कोंडले, आणि आठ वाजून गेल्यावर संचारबंदी मोडली म्हणून पकडले. ज्याला घरी जाऊ दिले नाही तो घरी गेला नाही हाच त्याचा गुन्हा! २०२३ मध्ये त्या प्रत्येकाला २१,५०० डॉलर देण्याचे शहराने कबूल केले, आणि त्याच वर्षी मोर्चाच्या बंदोबस्ताची पद्धत बदलण्याचा, अशी कोंडी न करण्याचा करारही झाला.

आता भारताकडे पाहिले तर चित्र फार निराळे दिसते. भाषणाचा आणि निःशस्त्र, शांततेने जमण्याचा हक्क १९व्या अनुच्छेदात आहे. अटकेची कारणे सांगितलीच पाहिजेत, २४ तासांत दंडाधिकाऱ्यापुढे नेलेच पाहिजे, हे २२व्या अनुच्छेदात आहे. पण जमावबंदीचे प्रसिद्ध १४४ कलम न्यायालयांनी वेळोवेळी वैध ठरवले. त्यातला एक प्रमुख निकाल नागपूरच्या गिरणगावातून गेलेला आहे: १९५६ मधील गिरणी कामगारांच्या तंट्यातून उद्भवलेले बाबूलाल पराते यांचे प्रकरण, ज्यात १९६१ साली न्यायमूर्ती मुधोळकर यांनी निर्णय लिहिला. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रियेची नवी संहिता लागू झाल्यावर या कलमाचा आकडा १६३ झाला, आशय तोच राहिला. मुंबईत मोर्चेकऱ्यांना ताब्यात घेण्यासाठी १९५१ च्या पोलीस अधिनियमाची ६८ व ६९ ही कलमे हाताशी असतात. त्यांखाली धरलेल्या माणसाला २४ तासांच्या आत सोडून देता येते. खटलाच भरला जात नाही, म्हणून निर्दोष सुटण्याचाही प्रश्न येत नाही. ढाल नको, कारण वारच नोंदलेला नाही.

भारतातील सत्याग्रहीचे आवडते साधन दिवाणी दावा हे नव्हते, ते होते देहोपस्थितीची याचिका. पकडलेल्याला न्यायालयापुढे आणा आणि कोणत्या अधिकाराने धरले ते सांगा, एवढीच तिची मागणी. मधू लिमये यांनी हे साधन ज्या कौशल्याने वापरले त्याला तोड नाही. जन्माने पुण्याचे, गोवा मुक्तीसाठी पोर्तुगिजांच्या तुरुंगात राहून आलेले लिमये बिहारमधील मुंगेरचे खासदार होते. ६ नोव्हेंबर १९६८ रोजी लखीसराय रेल्वे स्थानकावर त्यांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना जमावबंदी मोडल्याच्या प्रकरणी पकडण्यात आले. त्याच दिवशी त्यांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र धाडले; न्यायालयाने ते पत्रच याचिका म्हणून दाखल करून घेतले. स्वतःची बाजू त्यांनी स्वतः मांडली. मुद्दा एकच: पकडताना आम्हांला कारण सांगितले नाही. पुढे दंडाधिकाऱ्याने कोठडीचे हुकूम दिले म्हणून तो दोष धुऊन निघत नाही, असे सांगून डिसेंबरात न्यायालयाने सर्वांची मुक्तता केली. निर्णय नमुनेदार आहे आणि वकील आजही त्याचा आधार घेतात. पण सहा आठवडे ज्यांनी गमावले त्यांना एक पैसाही मिळाला नाही. तो मागण्याची रीतच नव्हती.

ती नसण्याचे कारण दुसऱ्या एका खटल्यात सापडते. १९४७ साली मेरठला पोलिसांनी अमृतसरच्या एका सराफाला संशयावरून पकडून शंभर तोळ्यांहून अधिक सोने ताब्यात घेतले; सराफ सुटला, पण सोने घेऊन एक हवालदार पाकिस्तानात पळाला. १९६५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, अटक आणि जप्ती ही सार्वभौम सत्तेची कामे, त्यांतील हयगयीसाठी राज्यावर दावा चालत नाही, असा निर्णय दिला. १९७९ मध्ये भारताने नागरी व राजकीय हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार स्वीकारला तो याच आशयाची पुरवणी जोडून: बेकायदा अटकेसाठी राज्याकडून भरपाई मागण्याचा अंमलात आणता येण्याजोगा हक्क भारतीय कायद्यात नाही. विनाकारण अटक घडवून आणल्याबद्दल फौजदारी संहितेत भरपाईची एक तरतूद आहे खरी, पण ती मिळते खोटी फिर्याद देऊन अटक करवणाऱ्याकडून, पोलिसांकडून नव्हे. आणि तिची कमाल मर्यादा १,००० रुपये आहे.

ही भिंत फुटली ती दिवाणी कायद्याने नव्हे, घटनेच्या ३२व्या अनुच्छेदाने. निर्दोष सुटल्यावरही १४ वर्षे बिहारच्या तुरुंगात विसरल्या गेलेल्या एका माणसाला १९८३ साली सर्वोच्च न्यायालयाने राज्याकडून भरपाई देवविली. पुढे १९९६ मध्ये डी. के. बसू खटल्यात न्यायालयाने ती आंतरराष्ट्रीय करारातील पुरवणी आता निरर्थक झाल्याचे सांगितले, आणि अटकेच्या वेळीच वेळ व तारीख घालून, साक्षीदाराच्या सहीनिशी पंचनामेवजा टिपण करण्याचा दंडक घातला. वॉशिंग्टनच्या त्या छापील नमुन्याचे हे भारतीय भावंड होय.

वॉशिंग्टनच्या ज्युरीपुढील प्रश्न भारतात नेमका उभा राहिला तो मात्र या दोहोंच्या मध्ये, १९८५ साली. जम्मू-काश्मीर विधानसभेचे सदस्य भीमसिंग यांचे निलंबन उच्च न्यायालयाने ९ सप्टेंबरला स्थगित केले होते. ११ तारखेला श्रीनगरला विधानसभेची बैठक होणार होती. १० तारखेच्या पहाटे तीन वाजता, श्रीनगरच्या वाटेवर काझीगुंड येथे, दोन दिवसांपूर्वीच्या एका जाहीर सभेतील भाषणाबद्दल त्यांना पकडण्यात आले. कोठडीचे हुकूम त्यांना समोर न आणताच, न्यायाधिकाऱ्यांच्या घरून मिळवण्यात आले. त्यांच्या पत्नी जयमाला यांनी याचिका केली. ती सुनावणीस येईपर्यंत भीमसिंग सुटले होते, आणि जुन्या रीतीप्रमाणे याचिका तेथेच निकाली निघाली असती. न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी यांनी तसे होऊ दिले नाही. केवळ मुक्तता झाल्याने हा अन्याय धुऊन जात नाही, असे म्हणून न्यायालयाने पोलिसांच्या दुष्ट हेतूवर आणि दंडाधिकाऱ्यांच्या बेपर्वाईवर कोरडे ओढले, आणि राज्याने भीमसिंगांना दोन महिन्यांत ५०,००० रुपये द्यावेत असा हुकूम केला. ती तारीख होती २२ नोव्हेंबर १९८५. हुकूम राज्याला होता. अटक करणाऱ्यांच्या आणि घरबसल्या कोठडी मंजूर करणाऱ्यांच्या पगाराला त्याने हात लावला नाही, आणि ज्या ११ सप्टेंबरच्या बैठकीसाठी भीमसिंग निघाले होते ती त्यांच्यावाचून होऊन गेली होती.